मागे राहणारी मेंढी: बुराईकाठच्या एका लहान कळपाचा पावसाळा

पार्श्वभूमी

धुळे जिल्ह्यात बुराई नदीच्या खोऱ्यातलं एक गाव. घरची पाच एकर कोरडवाहू जमीन, तीत कापूस आणि मका. दावणीला बैलजोडी आणि एक म्हैस, घरामागच्या वाड्यात 36 मेंढ्या: 24 माद्या, एक मेंढा आणि 11 कोकरं. सगळ्या दख्खनी. आजोबांच्या काळी याच घरात दोनशेवर मेंढ्या होत्या आणि माणसं कळपामागे रानोमाळ असत. एखाद्याच्या शेतात चार-दोन रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि वाघर (रात्री मेंढ्यांभोवती लावायची जाळी) गुंडाळून पुढच्या शिवारात निघायचं. आता मुलं शाळेत जातात, घरातली दोन माणसं मजुरीला जातात, म्हणून कळप कमी करून गावातच ठेवला आहे.

कामाची वाटणी अशी: चारायला आजी, औषधपाणी आणि बाजार थोरल्या मुलाकडे, वाडा आणि कोकरं सुनेकडे. मी या तालुक्यात पशुवैद्यक म्हणून काम करतो. घरच्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. खरिपात शिवार पेरलेलं असतं. कपाशीवर फवारे चालू असतात, त्यामुळे बांधावरसुद्धा मेंढरं नेता येत नाहीत. चराईला उरतात दोनच जागा. एक गायरानाची मुरमाड टेकडी, गावापासून दीड-दोन किलोमीटरवर. दुसरी घराजवळची नाल्याकाठची पडीक पट्टी, जेमतेम दोन एकर, पण हिरवीगार. आजींचे गुडघे दुखतात. त्यामुळे मृगाचा पाऊस पडल्यापासून कळप बहुतेक रोज नाल्यावरच होता. कळप लहान झाला होता, पण त्याच्या वाट्याचं रान त्याहून कितीतरी लहान झालं होतं.

घरच्यांना काय दिसत होतं

मला बोलावलं तेव्हा घरच्यांनी चार वेगवेगळ्या तक्रारी सांगितल्या.

पहिली मरतुकीची. कानबाईच्या रोटांच्या, म्हणजे श्रावणातल्या खानदेशी सणाच्या आदल्या दिवशी सकाळी कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट कोकरू वाड्यात मेलेलं सापडलं. त्यानंतर पोळ्याच्या आत दोन माद्या गेल्या. त्या दोघींच्या जबड्याखाली मऊ, थंड सूज आली होती, हाताने दाबली की खळगा पडायचा.

दुसरी, कोकरं आणि काही मोठ्या मेंढ्या एकमेकींची लोकर उपटून खात होत्या. तिसरी, एक पहिलटकरीण मेंढी आपल्या बारा दिवसांच्या कोकराला पाजत नव्हती, लाथ मारून बाजूला व्हायची. चौथी मेंढ्याची. त्याने आजींना मागून धडक दिली होती आणि पडताना त्यांचं मनगट मुरगळलं होतं.

पाचवी गोष्ट तक्रार म्हणून कुणी सांगितलीच नाही. मी वाड्यात फिरत असताना आजी सहज बोलल्या: "ह्या बारा-तेरा मेंढ्या आषाढपासून मांगे राही जातस. खातस, पन आंगले लागत नही." थोरल्या मुलाने लगेच सांगितलं की त्या पहिल्यापासूनच आळशी आहेत.

मेंढी हे कळपाला धरून राहणारं जनावर आहे. कळप सुटला की शिकार होते, हे तिच्या रक्तात आहे. ती कधीच आळसाने मागे राहत नाही. मागे राहणारी मेंढी एकतर दमते, नाहीतर तिला दुखतं, नाहीतर तिला दिसत नाही. त्यामुळे आजींचं ते वाक्य मला बाकी चारही तक्रारींपेक्षा मोलाचं वाटलं आणि मी त्यांना त्या मेंढ्या एकेक करून दाखवायला सांगितल्या. त्यांनी बारा दाखवल्या. सुनेने प्रत्येकीच्या पाठीवर गेरूचा ठिपका लावला.

मी येण्याआधी झालेले निर्णय

आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर), मे महिन्यात, थोरल्याने सगळ्या कळपाला जंताचं पांढरं औषध, म्हणजे अल्बेंडाझोल पाजलं होतं. आषाढात तेच पुन्हा दिलं आणि पहिलं कोकरू मेल्यावर तिसऱ्यांदा. माप बाटलीच्या झाकणाचं, मोठ्या मेंढीला एक, कोकराला अर्धं. वजन अंदाजाने वीस किलो धरलं होतं.

मे महिन्यातच आंत्रविषाराच्या (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाच्या) लसीचा एक डोस झाला होता. कोकरांना या लसीचे दोन डोस लागतात, दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने. दुसरा राहून गेला होता. म्हणून पहिलं कोकरू गेलं तेव्हा घरात सगळ्यांचं एकमत झालं की हा आंत्रविषारच. संशय रास्त होता. हा रोग नेमका चांगलं खाणाऱ्या, वाढीच्या कोकराला पकडतो आणि रात्रीत नेतो. त्यांनी कोकरू त्याच सकाळी पुरलं आणि तपास तिथेच थांबला.

माद्यांच्या बाबतीत घरात दोन मतं होती. शेजारच्या मेंढपाळाने पीपीआर (शेळ्यामेंढ्यांचा विषाणूजन्य साथरोग) सांगितला होता, पण ताप, नाकाडोळ्यांतून घाण, तोंडात फोड, हगवण यांतलं काहीच नव्हतं. शिवाय या कळपाला आदल्या वर्षी पीपीआरची लस झालेली होती आणि एका लसीचं संरक्षण तीन वर्षं तरी टिकतं. जंताचा विषय थोरल्याने स्वतःच बाद केला होता. त्याचं कारण ऐकण्यासारखं होतं: "औषध तीनदा पाजलंय, आणि जंत असते तर हगवण लागली असती. लेंड्या तर चांगल्या बांधून पडताहेत."

गावोगाव हा समज मला भेटतो. जंत म्हणजे हगवण, हे पुष्कळ जंतांच्या बाबतीत खरं आहे. पण पावसाळ्यात मेंढ्या मारणारा जो मुख्य जंत, हिमोंकस, तो रक्त पितो. त्याने हगवण लागतेच असं नाही, लेंड्या बहुधा घट्टच राहतात. मेंढी आतल्या आत पांढरी पडत जाते आणि शेवटी रक्तातली प्रथिनं इतकी घटतात की जबड्याखाली पाणी उतरतं.

पहिला निर्णय: मेलेली मेंढी उघडायची का

मी पोचलो तेव्हा दुसरी मादी पहाटेच मेली होती. घरच्यांना ती लवकर पुरायची होती. आजींना तर घरच्या जनावराची चिरफाड नकोच होती आणि त्यांचं मन राखणं मला भाग होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, "आजी, ही गेली ती गेली. हिच्या पोटात काय आहे ते कळलं तर त्या बारा वाचतील." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली.

उघडण्याआधी नाक, तोंड आणि गुदद्वार पाहिलं. तिथून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरतात आणि शव उघडत नाहीत, कारण उघड्या हवेत तिचे जंतू बीजाणू होऊन मातीत वर्षानुवर्षं टिकतात. इथे तसं काही नव्हतं.

आत मांस पांढुरकं, रक्त पातळ, पोटात पाणी. यकृत फिकं होतं, पण त्यात चपटे कृमी नव्हते. चौथ्या पोटाचा कप्पा उघडला आणि सगळे गप्प झाले. आतल्या अस्तरावर दोन-अडीच सेंटीमीटर लांबीचे, लाल-पांढऱ्या पिळाचे बारीक जंत वळवळत होते, शेकड्यांनी. लाल पीळ म्हणजे त्याच्या आतड्यातलं मेंढीचं रक्त, पांढरा पीळ म्हणजे मादी जंताचा अंडाशय. असा एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिली रक्त पितो. पाच हजार जंत असतील तर हिशेब रोजच्या पाव लिटरवर जातो. तीस किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त असतं दोन लिटरच्या आसपास.

थोरला बराच वेळ ते पाहत राहिला. मग त्याने योग्य प्रश्न विचारला: "तीनदा औषध पाजलं, मग हे आले कुठून?"

जंत आले कुठून

एक मादी जंत दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीतून रानात पडतात. उबदार, ओलसर हवेत साधारण आठवड्याभरात त्यांतून रोगकारक अळी तयार होते आणि दवाच्या पाण्यातून गवताच्या पात्यावर चढते. मेंढीने ते पातं खाल्लं की तीन आठवड्यांत नवा जंत अंडी घालू लागतो. खानदेशच्या उन्हाळ्यात उघड्या रानात ही अळी टिकत नाही, भाजून मरते. जंत पावसाळ्यापर्यंत पोचतो तो मेंढीच्या पोटात बसून.

आजोबांचा कळप चार दिवसांत जागा सोडायचा. मागे पडलेल्या लेंड्यांतल्या अळ्या तयार होईपर्यंत मेंढ्या कोसभर पुढे गेलेल्या असत आणि त्या रानात महिनोन्‌महिने परतत नसत. ते जंत टाळण्यासाठी चालत नव्हते, पोटासाठी चालत होते, पण चालण्याने जंताची साखळी तुटत होती. आता तेवढ्याच दोन एकरांत त्याच मेंढ्या रोज लेंड्या टाकत होत्या आणि रोज सकाळी दवात भिजलेलं, बुडख्यापर्यंत कुरतडलेलं तेच गवत खात होत्या. अळ्या गवताच्या बुडाशीच, जमिनीपासून चार-पाच सेंटीमीटरच्या आत जास्त असतात. गवत जितकं आखूड, तितक्या अळ्या जास्त पोटात.

औषध का चाललं नाही, याची दोन कारणं निघाली. पहिलं मापाचं. घरी कापूस मोजायचा ताणकाटा होता. गोणपाटाची झोळी करून त्याला चार मेंढ्या टांगल्या, तर वजनं निघाली 28 ते 33 किलो. म्हणजे प्रत्येक वेळी डोस साधारण एक तृतीयांश कमी पडला होता. कमी डोसात कमजोर जंत मरतात आणि चिवट तेवढे उरतात.

दुसरं कारण वेळेचं आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. मे महिन्यात रान कोरडं ठणठणीत असतं, बाहेर अळी नसते. अशा वेळी झाडून साऱ्या कळपाला औषध पाजलं, तर पोटात वाचलेले जे थोडे चिवट जंत असतात, पावसाळ्यातली सगळी पिढी त्यांचीच होते. त्यांत मिसळायला औषधाला मरणारे साधे जंत कुठेच शिल्लक नसतात. पावसाच्या तोंडावर सरसकट जंतनाशक पाजण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो. एकाच जागी राहणाऱ्या लहान कळपात तो जसाच्या तसा पाळू नये, असं माझं मत आहे. अंगाने उत्तम असलेल्या काही मेंढ्या तरी बिनऔषधाच्या ठेवायला हव्यात.

पाच मेंढ्यांच्या लेंड्या तपासायला पाठवल्या. अल्बेंडाझोल देऊन बारा दिवसच झाले होते, तरी पाचही नमुन्यांत हिमोंकसच्या गटातल्या जंतांची अंडी भरपूर निघाली.

समोर असलेले पर्याय

बाजार दोन दिवसांवर होता. ठिपके लावलेल्या मेंढ्या विकून टाकायच्या, हा घरातला पहिला विचार होता. पैशाची गरज खरी होती, म्हणून मी तो उडवून लावला नाही. पण अशक्त मेंढीला बाजारात निम्माही भाव येत नाही आणि विकत घेणाऱ्याच्या रानात हेच चिवट जंत गेले असते. थोरल्याला दुसरा मुद्दा जास्त पटला. त्याचा मेहुणाही त्याच बाजारात खरेदी करतो.

त्याच औषधाचा डोस वाढवून पुन्हा सगळ्यांना पाजणं, हा दुसरा पर्याय. तपासणीचा निकाल पाहता त्यात अर्थ नव्हता. तिसरा, औषधाच्या दुकानातून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन आणून सरसकट टोचणं. औषध वेगळं, पण चूक तीच. तेही औषध दोन-तीन वर्षांत निकामी झालं असतं.

चौथा पर्याय सगळ्यांत कष्टाचा होता. प्रत्येक मेंढी पकडायची, तिच्या खालच्या पापणीचा रंग पाहायचा, तिचं वजन करायचं आणि गरज असेल तिलाच वेगळ्या गटातलं औषध द्यायचं. पापणी पाहायची ही रंगपट्टी दक्षिण आफ्रिकेत तयार झाली. फाफा मलान या पशुवैद्यकाच्या नावावरून तिला फामाचा म्हणतात. 1 म्हणजे लालबुंद, 5 म्हणजे कागदासारखी पांढरी. ती फक्त रक्त पिणाऱ्या जंतासाठी उपयोगी आहे, बाकीच्या आजारांसाठी नाही. मोठ्या कळपात हे काम जड जातं. तीस-पस्तीस मेंढ्यांत सकाळचे दोन तास पुरतात.

काय केलं

33 मेंढ्यांच्या पापण्या पाहिल्या. 14 जणींची 1 किंवा 2, 9 जणींची 3, 7 जणींची 4 आणि तिघींची 5.

आता आजींनी दाखवलेल्या बारा मेंढ्यांकडे या. 4 आणि 5 वाल्या एकूण 10 होत्या. त्यांतल्या 9 आजींच्या बारांत होत्या. उरलेल्या तिघींपैकी दोघी खुरं दुखत असल्याने मागे राहत होत्या आणि तिसरीचे पुढचे दात झिजून गेले होते. म्हणजे आजींनी दाखवलेल्यांत एकही मेंढी आळशी नव्हती, बाराही खरोखर आजारी होत्या. रंगपट्टीविना, रोज मागून चालता चालता त्यांना हे आषाढातच दिसलं होतं. थोरल्यानेच ते घरात सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, याचं मला फार बरं वाटलं.

4 आणि 5 वाल्या दहाही जणींना, आणि 3 वाल्यांपैकी जी कोकरं किंवा पाजणाऱ्या माद्या होत्या अशा पाच जणींना क्लोझँटेल दिलं. एकूण 15. हे औषध हिमोंकसवर चांगलं चालतं, पण जास्त झालं तर मेंढी कायमची आंधळी होऊ शकते. म्हणून प्रत्येकीला ताणकाट्यावर टांगूनच डोस काढला. 18 मेंढ्यांना काहीही दिलं नाही. हे थोरल्याच्या गळी उतरवायला वेळ लागला. औषधाला पैसे आहेत, मग निम्म्या कळपाला बिनऔषधाचं का ठेवायचं, अशी त्याची भावना होती. त्या 18 जणींच्या पोटातले साधे जंत रानात राहिले तरच पुढच्या वर्षी औषधाला किंमत राहील, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं.

नाल्याची पट्टी त्याच दिवशी बंद केली. हा सगळ्यांत महाग निर्णय होता. टेकडीवर आजी जाऊ शकत नव्हत्या आणि दुसरं कुणी गेलं तर एक मजुरी बुडत होती. शेजाऱ्याकडेही पंधरा-वीस मेंढ्या होत्या. दोन्ही कळप आळीपाळीने एकाच माणसाने टेकडीवर न्यायचे असं ठरलं. त्याआधी शेजाऱ्याच्या मेंढ्यांना खरूज नाही आणि पीपीआरची लस झालेली आहे, एवढं मी पाहून घेतलं. रात्री वाडे वेगळेच ठेवले. दव वाळल्याशिवाय, म्हणजे नऊ-साडेनवाच्या आधी, मेंढ्या सोडायच्या नाहीत.

आजींकडे वाड्यात ठेवलेली कोकरं आणि अशक्त माद्या दिल्या. त्यांना तुरीचं भुसकट, बोरीचा आणि बाभळीचा पाला आणि रोज मूठभर शेंगदाणा पेंड. प्रथिनं मिळाली की मेंढीचं शरीर जंताशी स्वतः लढतं. पेंड हा इथे अर्धा औषधोपचार होता.

खुरांचं काम किरकोळ होतं. वाड्यातला चिखल काढून मुरूम टाकला, वाढलेली खुरं छाटली, दहा लिटर पाण्यात एक किलो झिंक सल्फेट घालून त्यात पाय बुडवले. ते खत म्हणून घरात होतंच.

लोकर खाणं

याला घरात खोड समजत होते. कोकरं आयांच्या मांडीवरची लोकर उपटत होती. गर्दी, चावायला कोरडा चारा नाही, प्रथिनं आणि क्षार कमी, यांतून ही सवय लागते. एकीचं पाहून दुसरी शिकते. पोटात लोकरीचे गोळे साचले तर कोकरू दगावतं.

इथे एक धोका थोडक्यात टळला. सुनेने म्हशीसाठी आणलेलं खनिज मिश्रण मेंढ्यांना द्यायला काढून ठेवलं होतं. गाई-म्हशींच्या मिश्रणात तांबं असतं आणि मेंढीला तांबं सोसत नाही. ते यकृतात साठत जातं, महिनोन्‌महिने काहीच दिसत नाही आणि एक दिवस रक्तपेशी फुटून कावीळ होते, लघवी लालकाळी होते, मेंढी मरते. खुरांसाठी मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्याच क्षाराचं, पाणी करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. मेंढी ते प्यायली तर तेच होतं. सुनेने विचारलं म्हणून बरं झालं. मेंढ्यांसाठीचं वेगळं मिश्रण आणि मीठ लावलं, कोकरांना निजायला आणि खायला वेगळा कप्पा केला. भुसकट दिवसभर समोर राहू लागलं तसं लोकर उपटणं महिन्याभरात थांबलं. दोन कोकरांची सवय मात्र आयांची कातरणी होईपर्यंत गेली नाही.

कोकरू न पाजणारी

पहिलटकरणीची पापणी 4 होती. कास पाहिली तर गरम नव्हती, गाठ नव्हती, पण दूधही नव्हतं. भुकेलं कोकरू सडाला चावायचं, ती लाथ मारायची. तिला वेडी ठरवण्यात काही अर्थ नव्हता. वाड्याच्या कोपऱ्यात चार फुटी कप्पा करून दोघांना त्यात ठेवलं, औषध आणि पेंड चालू केली, आणि तिला धरून दिवसातून चार वेळा कोकरू लावायचं काम सुनेने घेतलं. वर म्हशीचं दूध, बाटलीने. सहाव्या-सातव्या दिवशी ती कोकराला स्वतःहून हुंगू लागली.

मेंढी आपलं कोकरू वासाने ओळखते आणि ती ओळख विण्यानंतरच्या पहिल्या काही तासांत पक्की होते. ही मेंढी भर पावसात, सगळ्या कळपात, गर्दीत व्यायली होती. पुढच्या वेळी व्यायला आलेली मेंढी आदल्या दिवशीच वेगळी काढायची, असं सुनेने ठरवलं.

मेंढ्याचा पेच

इथे मात्र जंताचा संबंध नव्हता. सगळ्या तक्रारींचं मूळ एकच, असं मानायचा मोह मलाही झाला असता, पण मेंढ्याची पापणी लालबुंद होती. लहानपणी त्याची आई मेली, मुलांनी त्याला बाटलीवर वाढवलं, कपाळाला हात लावून ढकलाढकली खेळले. माणसाच्या हातावर वाढलेल्या मेंढ्याला माणसाची भीती राहत नाही. वयात आला की माणूस त्याला प्रतिस्पर्धी मेंढ्यासारखा वाटतो.

अवघड असं की, त्याच दोन एकरांत, तेच गवत खाऊन, सगळ्यांत निरोगी राहिलेलं जनावर तोच होता. जंताला पुरून उरण्याचा गुण काही प्रमाणात पिढीत उतरतो. घरात आजी पडल्या होत्या, दोन लहान मुलं होती. ठेवावा की काढावा?

तात्पुरतं त्याला वेगळं बांधलं. कुणीही कपाळाला हात लावायचा नाही, त्याच्याकडे पाठ करायची नाही, तो मान खाली घालून मागे सरकला की ती धडकेची तयारी समजायची, हे मुलांना सांगितलं. त्याच्या दोन नर कोकरांपैकी एक आईजवळच वाढलेलं, माणसापासून अंतर राखणारं होतं आणि त्याची पापणी 2 होती. तेच ठेवायचं ठरलं. ते शेजाऱ्याच्या माद्यांवर सोडायचं आणि या घराने बाहेरून दुसरा मेंढा आणायचा, म्हणजे सख्ख्या नात्यात पैदास होणार नाही. जुना मेंढा दिवाळीनंतर विकला. तो धडक मारतो, हे थोरल्याने गिऱ्हाइकाला सांगितलं आणि भाव थोडा कमी घेतला.

काय निष्पन्न झालं

5 पापणीवाल्या तिघींपैकी एक तिसऱ्या दिवशी मेली. बाकी चौदा जणी सावरल्या. जबड्याखालची सूज दहा-बारा दिवसांत ओसरली. चौदा दिवसांनी पुन्हा लेंड्या तपासल्या, औषध दिलेल्यांत अंडी जवळजवळ नव्हती. पंधरा दिवसांनी पापण्या पाहिल्या तेव्हा चौघींना औषध लागलं, त्यानंतरच्या फेरीत एकीलाच. औषध न दिलेल्या 18 जणींपैकी एकही दगावली नाही. पावसाळ्यातली एकूण मरतूक चार.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं कोकरू पुरण्याआधी उघडायला हवं होतं. ते आंत्रविषाराने गेलं की जंताने, हे आता कधीच कळणार नाही. जंत फार असतील तर धडधाकट दिसणारं कोकरूही एकाएकी जातं. त्या दिवशी कळलं असतं तर दोन माद्या बहुधा वाचल्या असत्या. मेलेलं जनावर तालुक्याच्या दवाखान्यात नेणं किंवा 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करून विचारणं, याला तेव्हा उशीर नव्हता.

ताणकाटा घरात होता. तो मे महिन्यात वापरला असता तर डोस तरी पुरा गेला असता. लसीचा दुसरा डोस राहू नये म्हणून पहिल्याच दिवशी घरच्या कॅलेंडरवर तारीख मांडायला हवी होती.

आणि आषाढात आजींचं ऐकायला हवं होतं. घरात औषधाचा निर्णय घेणारा माणूस कळपामागे चालत नव्हता आणि कळपामागे चालणाऱ्या बाईला औषधाबद्दल कुणी विचारत नव्हतं. हे मला बऱ्याच घरांत दिसतं. आता आजी संध्याकाळी मागे राहिलेल्या मेंढीला गेरू लावतात आणि दुसऱ्या सकाळी सून त्या मेंढीची पापणी पाहते.

पुढच्या मे महिन्यात कोणत्या मेंढ्यांना औषध द्यायचं नाही, यावर घरात अजून वाद आहे. मी ज्यांची पापणी पावसाळाभर 1-2 राहिली अशा सहा जणी सुचवल्या आहेत, थोरला तीन म्हणतो. नाल्याच्या पट्टीचं मात्र ठरलं आहे. पाऊस संपेपर्यंत तिथे फक्त बैल आणि म्हैस चरतील. मेंढ्यांचा हा जंत गुराच्या पोटात फारसा तग धरत नाही, त्यामुळे गुरं चरतील तितक्या अळ्या रानातून कमी होतील. मेंढ्या तिथे सोडायच्या त्या पाऊस संपल्यावर, दव वाळल्यानंतर, आणि एका वेळी चार दिवसांच्या वर नाही.